चिमी बाजूला बसली

आमच्या त्या प्रयोगशाळेचे किस्से मी काही जमवायला गेले नव्हते. ते आपोआप साचत गेले. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या पाठोपाठ चार निघतात, आणि ऐकणारे पोट धरून हसतात. हसा. मला मात्र सांगताना अजून राग येतो, आणि मी रागावले की चहा तसाच राहतो. म्हणून आधी चहा घेऊन टाका.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. सोलापुरात मी बायकांची डॉक्टर होते. येणाऱ्या निम्म्या बायकांचं गाऱ्हाणं एकच: मूल होत नाही. खरं तर गाऱ्हाणं त्यांचं नव्हतंच, सासरच्यांचं होतं. कुणाला माहेरी धाडलेलं, कुणाच्या डोक्यावर सवत आणून बसवलेली. महिन्यातल्या नेमक्या कुठल्या दिवसांत गर्भ राहतो, एवढं साधं मला त्यांना सांगता येत नव्हतं. पुस्तकं एक सांगायची, सासवा दुसरं. विलायतेत यासाठी माकडिणी पाळून अभ्यास चालला होता, कारण बाईसारखी महिन्याची पाळी माकडिणीला येते. मी म्हटलं, माकडं तर आपल्याकडे ढिगानं आहेत!

माकडं होती, जागा नव्हती. शेवटी एका दानशूर व्यापाऱ्याने सरकीच्या गोदामामागच्या दोन खोल्या 'शास्त्रासाठी' दिल्या. शास्त्र म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे जो मागायला आला त्याला तो हो म्हणाला. झालो आम्ही तीन वाटेकरी! एक मी, माझ्या माकडांसकट. दुसरे एका गिरणीच्या रंगखात्याचे केमिस्ट, ज्यांना सगळे रंगमास्तर म्हणत. तिसरे दूध तपासणारे इन्स्पेक्टर. तिघांत मिळून एक मायक्रोस्कोप, एक स्टोव्ह, एक मोरी. झाडलोटीला आणि माकडांच्या दाण्यापाण्याला मंद्रूपकडचा मल्लप्पा. आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर, व्यापाऱ्याने देखरेखीला नेमलेल्या कमिटीचे सेक्रेटरी अण्णासाहेब, वकिली सोडून घरी बसलेले. रोज सकाळी ते सोवळं नेसून यायचे, कोनाड्यातल्या गणपतीची पूजा करायचे, मग आमचं शास्त्र सुरू व्हायचं.

माझ्या माकडांत महत्त्वाची एकच, चिमी. शांत, माणसाळलेली, हातातून दाणे घेणारी. तिला रोज पाहायचं, एक दिवसही चुकवायचा नाही. मधला दिवस गेला की आधीचे महिने वाया. एवढी एकच गोष्ट मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगितली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं!

* * *

रंगमास्तर माणूस सज्जन, पण रंगापुढे त्यांना जग दिसायचं नाही. गिरणीत जे रंग करून बघता यायचे नाहीत ते आमच्या मोरीत करून बघायचे. आज मोरी निळी, उद्या पिवळी. मल्लप्पा म्हणायचा, "बाई, आज कुठल्या देवाची जत्रा हाय?"

मी कुठेतरी वाचलं होतं की त्या ठरावीक दिवसांच्या आसपास माकडिणीची कातडी लालसर होते. चिमीची काही होईना. आणि एका सकाळी जाऊन बघते, तर चिमी मागून लालेलाल! असा लाल रंग की पुस्तकातसुद्धा तसा लिहिलेला नव्हता. मी टिपणं केली, मनातल्या मनात विलायतेला पत्र लिहून टाकलं, मल्लप्पाला पेढे आणायला पिटाळणार, तेवढ्यात पैलवानाकडे लक्ष गेलं. पैलवान म्हणजे आमचा नर. तोही मागून लाल!

रंगमास्तरांनी उरलेलं पाणी पिंजऱ्यासमोरच्या फरशीवर ओतलं होतं, ते पिंजऱ्यात वाहत गेलं आणि दोघं त्यात बसली होती. मी अशी भडकले! म्हटलं, "मास्तर, माझा अख्खा महिना बुडवलात! आता हा रंग जायचा कधी?"

मास्तरांचा चेहरा उजळला. म्हणाले, "जायचा? बाई, पक्का रंग आहे! सोड्याच्या पाण्यात उकळलं तरी सुटायचा नाही!"

* * *

मायक्रोस्कोपचं टाइमटेबल दारावर लावलेलं होतं. सकाळी मी, दुपारी इन्स्पेक्टर. पण इन्स्पेक्टर आपल्या सवडीने यायचे आणि टेबलावर जी स्लाइड असेल ती आपलीच समजायचे.

एकदा मी चिमीला तपासून तिची स्लाइड करून ठेवली आणि अडलेली बाळंतीण आली म्हणून तशीच पळाले. दोन दिवसांनी सकाळी रोजच्यासारखी येते, तर दारात एक गवळी उभा. डोक्याला मुंडासं, डोळे लाल, हातात समन्स. इन्स्पेक्टरांनी त्याच्या दुधात भेसळ पकडली होती. भेसळ कसली? तर दुधात 'प्राणिज पेशी' सापडल्या!

मी स्लाइड बघितली. पेशी माझ्याच होत्या. म्हणजे चिमीच्या. मी इन्स्पेक्टरांना समजावून सांगितलं, तर साहेब म्हणतात, "असं कसं? एकदा रिपोर्ट वर गेला की गेला."

"अहो, पण ते दूधच नाही!"

"तेच तर मी लिहिलंय," इन्स्पेक्टर म्हणाले.

गवळी बिचारा एकदा त्यांच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. शेवटी हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी तरी सांगा की त्यास्नी! माजी म्हस हाय वो, माकडीन न्हाय!"

रिपोर्ट परत घ्यायला लावेपर्यंत मी इन्स्पेक्टरांचा पिच्छा सोडला नाही. तो रिपोर्ट परत आला तो 'नजरचुकीने' असा शेरा मारून. नजर कोणाची, ते लिहिलं नव्हतं.

* * *

त्याच सुमारास पेपरात छापून आलं की विलायतेत म्हातारे लोक माकडाची गाठ, म्हणजे ग्रंथी, अंगात बसवून घेतात आणि पुन्हा तरुण होतात. झालं! आमच्याकडे माकडं आहेत ही बातमी गावात होतीच. रोज एक काठी टेकत यायला लागला.

वैरागकडचे एक बडे सावकार आले. भरघोस मिशा, बोटांत अंगठ्या, आणि मागे डोक्यावरून पदर घेतलेली एक पोरगेलीशी बाई.

"गाठ पायजे," सावकार म्हणाले. "माकडाची. पैशाची काळजी करू नगा."

"कोणाला बसवायची?"

"हिला. तिसरी हाय. पयल्या दोगी वांज निगाल्या. आता ही बी तशीच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन बायका, तिन्ही वांझ, आणि हा मधोमध मिशीला पीळ देत उभा! पण मी आवाज शांत ठेवला. म्हटलं, "तिला कशाला? तिन्ही वेळा जो माणूस तोच होता, त्यालाच आधी तपासून पाहू या की."

सावकार आधी समजले नाहीत. समजले तेव्हा लाल झाले, चिमीच्या वरताण. "मला? मला काय झालंय? या वयात बी वाटीभर तूप पचवतुया मी!" असं ओरडून ते तडक बाहेर गाडीकडे निघाले.

बाई मात्र क्षणभर मागे राहिली. पिंजऱ्यापाशी जाऊन तिने चिमीकडे बघितलं आणि हळूच मला विचारलं, "हिला बी इचारत्यात व्हय, पोर का हुईना म्हनून?"

मी नाही म्हटलं. "मग बरं हाय तिचं," ती म्हणाली आणि पदर सावरून नवऱ्यामागे गेली. त्या दिवसापासून चिमीचा एक दिवसही चुकवायचा नाही, हा माझा हट्टच झाला.

* * *

एकदा दानशूर व्यापाऱ्याच्या घरची मंडळी प्रयोगशाळा बघायला येणार होती. आदल्या दिवशी अण्णासाहेब पाहणीला आले. पिंजऱ्याजवळ थबकले, उपरण्याने तोंड पुसलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हे नर आणि मादी एकाच पिंजऱ्यात?"

"होय."

"बरं दिसत नाही. घरंदाज बायका येणार. आजपासून वेगळे ठेवा. कायमचे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "अण्णासाहेब, आम्ही इथे प्रजननाचा अभ्यास करतोय. वेगळे ठेवले तर पिल्लू होणार कसं?"

"तो तुमच्या अभ्यासाचा प्रश्न आहे," अण्णासाहेब म्हणाले.

मी तिथल्या तिथे त्यांना सुनावलं. माकडांचं आणि माणसांचं शरीर किती सारखं आहे, माकड आपल्या किती जवळचं आहे, सगळं सांगितलं. त्यावर तर ते आणखीच बिथरले. "तुमच्या जवळचं असेल! आमचे पूर्वज ऋषी होते, माकडं नव्हेत!"

चिमी आणि पैलवान वेगळे झाले. माझे आणखी दोन महिने गेले. मी कमिटीला अर्ज केले, रंगमास्तरांनी सह्या केल्या, कोणी ढिम्म हललं नाही. शेवटी मल्लप्पाच वैतागला. दोघं दोन पिंजऱ्यांतून रात्रंदिवस ओरडायची आणि तो शेजारच्या पडवीत झोपायचा. एका सकाळी अण्णासाहेब पूजेला आले, तर दोन्ही पिंजऱ्यांवर झेंडूच्या माळा आणि फरशीभर तांदूळ.

"हे काय?"

"लगीन लावलं की," मल्लप्पा म्हणाला. "आमी समद्यांनी अक्षता टाकल्या."

दर संक्रांतीच्या जत्रेत देवाच्या लग्नाला अक्षता टाकणारा सोलापूरचा माणूस, त्याला फक्त निमित्त हवं असतं. रंगमास्तरांनीसुद्धा टाकल्या होत्या, त्यांचे तर रंगीत तांदूळ होते. अण्णासाहेबांनी वाकून ते तांदूळ निरखले. मग म्हणाले, "आता हरकत नाही."

माझे अर्ज, माझं शास्त्र, माझी डॉक्टरकीची डिग्री, सगळं एकीकडे. आणि पसाभर तांदूळ एकीकडे! मी पिंजरा उघडला खरा, पण दार आपटूनच.

* * *

आता खरा संताप ऐका.

मल्लप्पाला मी सांगून ठेवलं होतं, चिमीची पाळी सुरू झाली की मला लगेच कळव. तो इमानाने कळवायचा. पण त्याची भाषा घरचीच. एके दिवशी सकाळी मी आत शिरतेय, अण्णासाहेब गणपतीला फूल वाहतायत, आणि हा दारातूनच ओरडला, "बाई, चिमी बाजूला बसली बगा!"

अण्णासाहेबांच्या हातातलं फूल खाली पडलं.

"किती वेळ झाला?" त्यांनी मल्लप्पाला विचारलं.

"पाटंपासनं."

"आणि मी इथे पूजा करतोय!" ते तसेच मागल्या पावली बाहेर. बाहेरूनच त्यांनी फर्मान काढलं. ज्या वास्तूत देव आहे तिथे विटाळ चालायचा नाही. चिमी बाजूला बसली की पाचव्या दिवसापर्यंत प्रयोगशाळा बंद. कुलूप. मल्लप्पाने दाणापाणी खिडकीतून करावं.

अहो, तेच दिवस मला हवे होते! सगळी मोजणी तिथूनच सुरू होते! मी म्हटलं, "माकडिणीला कसला विटाळ? ती रानात असते तेव्हा झाडं बंद ठेवता का?"

"रानात गणपती नसतो," अण्णासाहेब म्हणाले. वकील ना!

आणि मग जाता जाता, भिंतीकडे बघत, "आणि डॉक्टरीणबाई, आपणही... म्हणजे आपलंही तसं असेल तेव्हा मल्लप्पाकडे निरोप ठेवत जा."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. माझे दिवस मी मल्लप्पाकडे कळवायचे! मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "अण्णासाहेब, मागल्या वर्षी तुमची सून अडली, तेव्हा तुमची गाडी माझ्या दाराशी आली होती. तुमच्या घरात आतपर्यंत गेले मी. तेव्हा मला विचारलं होतंत का, बाई, आज तुमचं काय आहे म्हणून?"

मला तो दिवस चांगला आठवत होता. दोघींचा जीव वाचवून मी बाहेर आले, तर हे ओटीवर. विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मुलगी." सून कशी आहे, ते विचारलं नाही. दाराआडून तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "असू दे. पुढच्या खेपेला होईल." त्या पोरीने तोंड भिंतीकडे फिरवलेलं मी पाहिलं होतं. मी हात धुतले आणि फी न घेता निघून आले.

माझा निरोप कधी गेला नाही. कुलूप मात्र लागायला लागलं.

त्या दिवसांत मी मल्लप्पाच्या खिडकीतून चिमीला बघायचे. स्टुलावर चढून, साडीचा ओचा सावरत, रस्त्यावरून गिरणीत जाणाऱ्या कामगारांच्या देखत! 'माकडवाली बाई' हे नाव मला तेव्हा पडलं.

* * *

संतापाची गंमत अशी की बाकी सगळ्यांना तो नियम आवडला. चार दिवस बिनकामाची सुट्टी कोणाला नको? रंगमास्तर तुळजापूरला जाऊन यायचे. इन्स्पेक्टर शेंगा खात घरी पडायचे. दोघंही मला येता-जाता विचारायला लागले, "काय बाई, चिमीचं काय? बसेल ना या आठवड्यात? घरी सांगून ठेवायचं आहे."

मी वहीत आकडे लिहीत राहायचे.

मग एका महिन्यात चिमी बसलीच नाही. पुढच्याही महिन्यात नाही. मी श्वास रोखून वाट बघत होते, आणि हे दोघं माझ्यापेक्षा जास्त! इन्स्पेक्टर एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, तुमचं काहीतरी चुकतंय. तिला एकदा नीट बघा तरी."

मी बघितलं होतं. पुन्हा बघितलं. बाहेर येऊन म्हटलं, "चिमीला दिवस राहिलेत."

मल्लप्पाने आनंदाने मुंडासं उडवलं. मला तर रडूच आलं. वर्षभर खिडकीतून, स्टुलावरून, कुलपाआडून जमवलेलं सगळं त्या एका गोष्टीने खरं ठरणार होतं. फक्त पिल्लू जिवंत जन्मायला हवं होतं आणि जगायला हवं होतं.

इन्स्पेक्टर म्हणाले, "म्हणजे आता सुट्टी नाहीच?"

* * *

वैशाखात चिमी व्याली. मी पहाटेपासून तिच्याजवळ होते. पिल्लू अगदी लहान, आणि चिमी पहिलटकरीण. तिला ते अंगावर घेता येईना. उलटं धरायची, खाली ठेवायची. मी आणि मल्लप्पाने मिळून कसंबसं तिच्या छातीशी लावलं. थोडं दूध गेलं. आता दर थोड्या वेळाने कोणीतरी जवळ असायला हवं होतं. दवाखान्यात एक चक्कर टाकून येते, असं मल्लप्पाला सांगून मी निघाले.

परत आले तर दाराला कुलूप! मल्लप्पा बाहेर, रंगमास्तर बाहेर. अण्णासाहेब कुलपाला नोटीस चिकटवतायत. 'या वास्तूत प्रसूती झाल्याने सोयर. दहा दिवस प्रयोगशाळा बंद.'

"मी नगं म्हनत हुतो, बाई," मल्लप्पा म्हणाला. "खिडकीतनं हात पोचत न्हाय पिल्लापत्तूर."

आतून चिमीचा आवाज येत होता. बारीक, सारखा. पिल्लाचा आवाज येत नव्हता.

मला वाटलं आता मी ओरडणार. वर्षभर ओरडून झालं होतं, काही उपयोग झाला नव्हता. मी पदर खोचला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अण्णासाहेब, सोयर कोणाला असतं हो?"

"भावकीला," अण्णासाहेब नोटिशीची कड दाबत म्हणाले. "एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

"ठाऊक आहे. म्हणूनच विचारते. इथे चिमीच्या भावकीतलं जे कोणी असेल, त्याने दहा दिवस घरी बसावं. बाकीच्यांना आत जाऊ द्या."

अण्णासाहेबांचा हात नोटिशीवरच थांबला.

मल्लप्पा घाईघाईने म्हणाला, "मी न्हवं बगा. आमची भावकी समदी मंद्रूपला हाय."

रंगमास्तर म्हणाले, "आमची तर बेळगावकडे. म्हणजे, माणसंच आहेत सगळी."

"माझंही इथे कोणी नाही," मी म्हटलं.

मग आम्ही तिघंही अण्णासाहेबांकडे बघायला लागलो. आत चिमी तेवढी बोलत होती.

अण्णासाहेबांनी नोटीस काढली, तिची घडी घातली, उपरण्याच्या टोकाची गाठ सोडून किल्ली मल्लप्पाच्या हातात टाकली. कुलूप निघताच मी आत धावले. पिल्लू फरशीवर होतं. गार पडलेलं, पण श्वास चालू होता. ते उचलून पदरात गुंडाळलं, चोळलं, पुन्हा चिमीच्या छातीशी धरलं. खूप वेळ काही नाही. मग ते ओढायला लागलं. मल्लप्पा खाली बसून डोळे पुसायला लागला.

मागे वळून बघते, तर अण्णासाहेब गेले नव्हते. सोवळं नेसलेले, खडावा हातात, उंबऱ्याच्या पलीकडे उभे. पिंजऱ्याकडे मान लांब करून बघत होते.

"जगेल ना?" त्यांनी विचारलं.

"जगेल."

मग घसा खाकरून, "काय झालं?"

"मुलगी," मी म्हटलं.

अण्णासाहेबांनी सुस्कारा सोडला. मग माझ्याकडे नाही, चिमीकडे बघत, अगदी मायेने म्हणाले,

"असू दे. पुढच्या खेपेला होईल."